बेचाळीस लिटर हवा

आपल्या हातच्या आराखड्याचे दोन स्पीकर करून घ्यायचे आणि ते दिवाणखान्यात उभे करायचे, एवढाच मापसाहेबांचा बेत होता. फार तर पंधरा दिवसांचं काम. पंधरा दिवसांचे सात महिने झाले, दोन सहली रद्द झाल्या, गॅलरीत जाणारा माणूस आडवा होऊन जायला लागला, आणि शेवटी हे प्रकरण डॉक्टरांपर्यंत पोहोचलं.

मापसाहेब वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक होते, म्हणून इमारतीने त्यांना हे नाव दिलं होतं. निवृत्त झाले तरी नजर गेली नव्हती. भाजीवालीचा काटा जरा थरथरला की त्यांचा हात खिशातल्या, आता नसलेल्या, पावतीपुस्तकाकडे जाई. त्यांच्या पत्नी शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्याही निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांना अजून सगळे बाईच म्हणत. घरात अशी वाटणी होती, की काय किती आहे ते मापसाहेब सांगत आणि कसं दिसतंय ते बाई. कशाला किती महत्त्व द्यायचं, हे मात्र संसाराच्या बत्तीस वर्षांत ठरलं नव्हतं.

स्पीकरचं वेड एका दुकानात लागलं. तिथे दोन जोड्या होत्या. एक उंच, सडपातळ, चकचकीत; आवाज मात्र बंद दाराआडून कुणी बोलावं तसा. दुसरी जोडी कोपऱ्यात, शीतपेट्यांसारखी बोजड. पण तिच्यातून व्हायोलिन असं आलं की मापसाहेबांनी मागे वळून पाहिलं, वाजवणारा कुठे उभा आहे म्हणून. "साहेब, दिसणं आणि आवाज दोन्ही एकत्र हवं असेल तर ते वरच्या मजल्यावर," विक्रेता म्हणाला. मापसाहेब वरच्या मजल्यावर गेले आणि किमतीची पाटी वाचून ज्या चपळाईने खाली आले, ती त्यांच्या गुडघ्यांनीही बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

"आपणच करायचे," ते घरी येऊन म्हणाले. "गणित आहे नुसतं. पेटीत हवा किती, त्यावर सगळं अवलंबून. आपल्याला बेचाळीस लिटर लागेल."

"बेचाळीस लिटर काय?"

"हवा."

बाईंनी दिवाणखान्याकडे पाहिलं. बेचाळीस लिटर हवा कुठे ठेवायची याचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "समोरून नऊ इंचांपेक्षा रुंद नको."

"अगं, रुंदी आवाजावर ठरते."

"अहो, ते वाजणार दिवसातून एक तास. दिसणार दिवसभर."

या वाक्याला उत्तर नव्हतं. मापसाहेबांनी ते दोन दिवस शोधलं. मग गणित पुन्हा मांडलं. रुंदी नऊ इंचांवर आणल्यावर उरलेली हवा मागच्या बाजूला गेली, आणि पेटी सोळा इंच खोल झाली. शिवाय ती भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवणं भाग होतं, नाहीतर खालचे सूर भिंतीला आपटून घुमतात. म्हणजे जवळजवळ साडेतीन फूट. बाईंनी जमिनीवर खडूने आखून पाहिलं. गॅलरीचं दार अर्धंच उघडत होतं.

"पाहुणे आले आणि बसा म्हटलं तरी बसेनात, असं दिसेल," बाई म्हणाल्या. पण नऊ इंच त्यांना मिळाले होते, त्यामुळे साडेतीन फूट त्यांनी पदरात घेतले. एक अट मात्र घातली, की कडा गोल हव्यात. "धारदार कडा असली की डोळा तिथे अडकतो."

मापसाहेब म्हणाले बघू. त्याच आठवड्यात त्यांना पुस्तकात सापडलं, की कडा गोल असल्या तर वरचे सूर त्यावर फुटत नाहीत, आवाज मोकळा होतो. म्हणजे बाईंचा डोळा जिथे अडकत होता तिथेच आवाजही अडकत होता. हे पुस्तक त्यांनी चार दिवस गादीखाली ठेवलं. पाचव्या दिवशी गादी उन्हात टाकायची होती.

आता इमारतीची परवानगी. इमारतीचे सेक्रेटरी हे निवृत्त कापडविक्रेते. अठरा वर्षांपूर्वी मापसाहेबांनी त्यांच्या दुकानातली एक मीटरपट्टी जप्त केली होती. ती अर्धा सेंटिमीटर आखूड निघाली. त्याबद्दल दोघांत कधी शब्द झाला नव्हता, आणि विसरही पडला नव्हता.

सेक्रेटरींनी अर्ज चष्म्याच्या वरून, खालून आणि मधून वाचला. "मापसाहेब, हे फर्निचर आहे की यंत्र?"

"म्हणजे?"

"सुतारकामाला नमुना तीन. आवाज करणाऱ्या यंत्राला नमुना सात, आणि वर-खालच्या बिऱ्हाडांच्या सह्या. लाकडी आहे म्हणता, म्हणजे फर्निचर. वाजतं म्हणता, म्हणजे यंत्र."

"दोन्ही आहे."

"दोन्हीचा नमुना नाही आपल्याकडे."

मापसाहेबांनी आयुष्यभर लोकांना याच शांत आवाजात परत पाठवलं होतं. हा आवाज टेबलाच्या या बाजूने इतका वेगळा ऐकू येतो, हे त्यांना प्रथमच कळलं. ते दोन्ही नमुने भरून घेऊन गेले. सेक्रेटरींनी पेटीच्या मापांवर बोट ठेवलं, खिशातून टेप काढला आणि शांतपणे म्हणाले, "इंचात लिहिलंय. नियमाने सेंटिमीटर लागतात. अर्धा सेंटिमीटरसुद्धा इकडेतिकडे चालत नाही, तुम्हाला तर ठाऊकच आहे."

परवानगीला पाच आठवडे लागले. सह्यांच्या निमित्ताने सल्लेही गोळा झाले. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पाणीपुरवठ्यात होते, त्यांना पंपवाले म्हणत. "आवाज म्हणजे शेवटी प्रवाहच," त्यांनी सही करता करता सांगितलं. "लाकूड कशाला? सिमेंटचा पाइप उभा करा. गळणार नाही." आवाज गळत नाही हे समजावण्यात मापसाहेबांनी एक दुपार घालवली आणि त्यात स्वतःच थोडे गोंधळले.

मग मिस्त्री आला. हात सोन्यासारखा, पण हयात कपाटांत गेलेली. आराखडा पाहून त्याने पहिला प्रश्न विचारला, "कप्पे कुठंयत?"

"कप्पे नाहीत. आत हवा."

"एवढी खोल पेटी आणि रिकामी? साहेब, मागून दार देतो, चार रजया राहतील."

बाईंना ही सूचना अजिबात वाईट वाटली नाही. मापसाहेबांनी दोघांनाही ठामपणे थांबवलं. पेटीला एक भोकही हवं होतं, मुठीएवढं, आतली हवा बाहेर येऊन खालचा आवाज भरदार व्हावा म्हणून. ते समोर होतं. बाई म्हणाल्या, जांभई दिल्यासारखं दिसतंय. ते मागे गेलं. यावर कुणाचं काही म्हणणं उरलं नाही, असं मापसाहेब समजले.

पेट्या तयार झाल्या. वरून चिकटवलेलं लाकडाचं पातळ विनीअर बाईंनी निवडलेलं, आक्रोडी रंगाचं. रेषा खालून वर धुरासारख्या जाणाऱ्या. कडा अशा गोल, की हात आपोआप त्यावरून फिरे. मापसाहेबांनी वायरी जोडल्या, खुर्ची मोजून ठेवली, डोळे मिटले, आणि वाजवलं.

खालचा आवाज गायब. मृदंगावर कुणी तरी बोटाने टिचक्या मारत होतं. मापसाहेबांनी आकडे तपासले, जोडण्या तपासल्या, खालचे सूर काढणारा वूफर उतरवून पुन्हा बसवला. तीन दिवस गेले. जेवताना ते आकडे पुटपुटत आणि पोळीच्या कडेने परीघ काढत. चौथ्या दिवशी मिस्त्री पॉलिशचा शेवटचा हात द्यायला आला, तेव्हा ते त्याच्यासमोरच वैतागून म्हणाले, "सगळं बरोबर आहे, आणि काहीच बरोबर नाही."

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "साहेब, एक सांगायचं राहिलं. मागं ते भोक पडलं होतं ना चुकून, ते मी बुजवलं. एवढं चांगलं विनीअर, त्यात भोक बरं दिसत नव्हतं. रेषेला रेषा जुळवलीय. शोधून दाखवा."

मापसाहेबांनी शोधलं. डोळ्याने सापडलं नाही, बोटाने सापडलं नाही. शेवटी टिचकी मारत मारत आवाजाच्या फरकावरून सापडलं. "वा!" बाई मागून म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासून म्हणायचं होतं. मिस्त्रीने आपल्याच हाताने ते काम पुन्हा फोडलं. फोडताना त्याचा चेहरा असा झाला होता, की मापसाहेबांनी त्याला दोनदा चहा विचारला.

यानंतर खालचा आवाज आला. इतका, की पंपवाल्यांनी वरून फोन करून विचारलं, मोटर कुणी लावली. आता उरले होते वरचे सूर. ते मापसाहेबांना कमी वाटत. झांजेची किणकिण, तारेवरून बोट सरकल्याची खरखर, गाणाऱ्याचा श्वास, हे सगळं जणू रजईखाली. मिस्त्रीच्या रजया खरोखर आत राहिल्यात की काय, अशी शंका त्यांना एकदा आली. वरचे सूर काढणाऱ्या ट्वीटरच्या वाटेत एक रेझिस्टर असतो, चण्याएवढा. तो बदलून वरचा आवाज वाढवता येतो. त्यांनी बदलला. मग पुन्हा बदलला. पाचव्यांदा बदलल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "आता आला," ते म्हणाले. बाई त्या वेळी आतल्या खोलीत होत्या. हल्ली स्पीकर चालू असले की त्या आतल्याच खोलीत असत, पण मापसाहेबांनी तेव्हा हे मोजलं नाही.

रविवारी दुपारी त्यांनी चार बिऱ्हाडांना ऐकायला बोलावलं. आठ माणसं बसली. पेट्यांवर सगळे खूश. सेक्रेटरींनी तर विनीअरवरून तळहात फिरवून "पोत चांगला आहे" म्हटलं, कापडवाल्याच्या तोंडून याहून मोठी दाद नाही. मापसाहेबांनी व्हायोलिन लावलं.

पहिल्या मिनिटाला सेक्रेटरींच्या पत्नीने कानातलं सारखं केलं. मग तो हात तिथेच राहिला. पंपवाल्यांनी डोळे मिटले आणि जबडा आवळला. एक आजी पदर डोक्यावरून कानांवर घेऊन बसल्या. तिसऱ्या मिनिटाला कुणाला तरी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं, आणि ते दूध आपल्याही गॅसवर असल्याचं बाकीच्यांना एकेक करून आठवत गेलं.

"कसं वाटलं?" मापसाहेबांनी दारात पंपवाल्यांना विचारलं.

"फारच..." पंपवाल्यांनी शब्द शोधला, "स्पष्ट आहे."

"बघितलंस?" दार लावून मापसाहेब बाईंना म्हणाले. "कुणाला बोलवेना. काही काही आवाज माणसाला गप्प करतात."

बाई कपबश्या गोळा करत होत्या. आठही कप अर्धे भरलेले होते. त्या काहीच बोलल्या नाहीत. बत्तीस वर्षांच्या संसारात मापसाहेबांना एवढं नक्की कळत होतं, की बाईंचं काहीच न बोलणं म्हणजे होकार नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोजणीचा माइक लावला. स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत सगळे सूर सोडायचे आणि माइकने ते किती आले ते संगणकावर काढायचं. चांगल्या स्पीकरची रेघ आडवी, सरळ येते. ही रेघ अर्ध्या वाटेपर्यंत सरळ आली आणि मग जिना चढावा तशी वर गेली. मापसाहेबांनी तीनदा मोजलं. तीनदा तेच.

"माइक बिघडलाय," ते म्हणाले.

बाई चष्मा पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना त्यातले आकडे कळत नव्हते, पण रेघ कळत होती. "ही सरळ हवी ना?"

"हो."

"मग इथून पुढे हिने मान वर का काढलीय?"

"सांगतोय ना, माइक खराब आहे."

"अहो," बाई शेजारची खुर्ची ओढून बसल्या. "तुम्ही दुकानदारांना काय सांगायचात? मी कितीदा ऐकलंय. काटा खोटं बोलत नाही, आपल्याला तो वाचायचा नसतो."

मापसाहेबांनी माइकची वायर काढून पुन्हा खोचली.

"कपडे धुण्याचं यंत्र थांबलं की पीं पीं करतं. दोन वर्षं झाली, तुम्हाला ऐकू येत नाही. मी उठते. तुम्ही तर कंपनीला पत्र लिहिलं होतं, शिटी वाजत नाही म्हणून. तो माणूस येऊन बघून गेला."

"तो म्हणाला, ठीक आहे."

"ठीकच होतं. त्याने जाताना माझ्याकडे पाहिलं. मी त्याला खुणेने सांगितलं, राहू दे."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतके रमला होतात." बाईंनी पडद्यावरच्या रेघेकडे पाहिलं. "काल सगळे उठून गेले, ते मला पाहवलं नाही. तुमच्या वस्तूला लोकांनी हसावं, यापेक्षा मी सांगितलेलं बरं."

कानाच्या डॉक्टरांकडे एक काचेची छोटी खोली होती. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने मापसाहेबांना आत बसवलं, कानांवर जाड यंत्र चढवलं, हातात बटण दिलं. "बारीकसा आवाज आला की दाबायचं, काका." आवाज येत गेले, मापसाहेब दाबत गेले. मग मुलगी बहुधा दुसऱ्या कामाला लागली असावी. ते वाट पाहत बसले. काचेपलीकडे ती खाली मान घालून काहीतरी करत होती. बराच वेळ झाल्यावर त्यांनी काच वाजवली.

"पुढचं कधी सुरू करणार?"

मुलीने दार उघडलं. ती फार सौम्यपणे म्हणाली, "काका, पुढचं झालं."

तिच्या कागदावरही एक रेघ होती. अर्ध्या वाटेपर्यंत ठीक, मग खाली खाली उतरत गेलेली. मापसाहेबांनी खिशातून स्पीकरच्या रेघेचा कागद काढून तिच्या शेजारी ठेवला. जिथून कानाची रेघ उतरायला लागली होती, बरोबर तिथूनच पेटीची रेघ चढायला लागली होती. आयुष्यभर त्यांनी लोकांची वजनं खात्याच्या प्रमाण वजनाशी ताडून पाहिली होती. ते प्रमाण वजनच झिजलेलं असेल तर काय करायचं, याचंही एक परिपत्रक होतं. ते त्यांना तोंडपाठ होतं. आता त्यातला एकही शब्द आठवेना.

"पण जुळवलंय नेमकं," ते शेवटी म्हणाले. आवाजात दुःख होतं आणि, खोटं कशाला बोला, थोडी फुशारकीही होती. आपल्या कानात नेमकं काय कमी आहे, हे न कळता त्यांनी ते कानानेच भरून काढलं होतं.

"यंत्र लावलं की खूप फरक पडेल," मुलगी म्हणाली. तिने दोन प्रकार समोर ठेवले. एक वाटाण्याएवढं, कानाच्या आत जाणारं, बाहेरून न दिसणारं. दुसरं कानामागे बसणारं, मोठं, नळी दिसणारं. "तुमच्यासाठी हे मोठं जास्त चांगलं. वरचे आवाज यात नीट येतात."

मापसाहेबांनी मोठ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हे लहानच द्या. ते फार दिसतं."

मागच्या खुर्चीवर बाई हसायला लागल्या. आधी नाकातल्या नाकात, मग त्यांना आवरेना. मुलगी गोंधळून दोघांकडे बघत राहिली. मापसाहेबांचे कान लाल झाले. ते तर कुणालाही दिसले असते.

"तेहतीस वर्षं खात्यात होतो," ते मुलीला म्हणाले, जणू याने काही सिद्ध होत होतं. "लोक ओळखतात."

लहान यंत्र आत बसवलं. आरशात त्यांनी डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली. काही दिसत नव्हतं. छान होतं. "कसं वाटतंय?" बाईंनी विचारलं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आला.

मग मुलीने, न विचारता, मोठं बसवलं.

"आता?" बाई म्हणाल्या.

मापसाहेब वळले. ओळखीच्या आवाजावर काहीतरी नवीन होतं, बारीक खरखर, शब्दाच्या शेवटी सुटणारी हवा. त्यांना वाटलं, यंत्रात दोष आहे. ते मुलीला सांगणारही होते. मुलगी काहीतरी बोलली. तिचा आवाज स्वच्छ होता.

"तुझा घसा बसलाय का?" त्यांनी बाईंना विचारलं.

"हा? तीन-चार वर्षं झाली. वर्गात ओरडून ओरडून. आता हा असाच राहायचा."

तीन-चार वर्षं मापसाहेब एका जुन्या आवाजाशी बोलत होते आणि समोरची बाई या आवाजात उत्तरं देत होती. त्यांनी लहान यंत्र डबीत ठेवलं आणि डबी मुलीकडे सरकवली.

"मोठं द्या. रंग कुठला, ते यांना विचारा."

घरी आल्यावर त्यांनी व्हायोलिन लावलं आणि अर्ध्या मिनिटात धावत जाऊन बंद केलं. "अरे देवा, हे त्या आठ जणांनी तीन मिनिटं सोसलं?" त्या संध्याकाळी ते जिना चढून पंपवाल्यांकडे गेले आणि सरळ माफी मागितली. पंपवाले इतके संकोचले, की त्यांनी स्वतःलाही थोडं कमी ऐकू येतं असं सांगून टाकलं. ते खोटं होतं. सेक्रेटरींकडे जायला मापसाहेबांना आणखी दोन दिवस लागले. सेक्रेटरी कानामागच्या नळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मापसाहेब, ती पट्टी मला माझ्या वडिलांनी दिलेली. मी कधी मोजूनच पाहिली नव्हती." दोघांनी यावर चहा घेतला, आणि या वेळी कप रिकामे झाले.

रेझिस्टर बदलायला दहा मिनिटं लागली. मग मापसाहेबांनी पुन्हा माइक लावून मोजलं. बाई चष्मा लावून शेजारी बसल्या. रेघ आता आडवी होती, शाळेच्या फळ्यावर पट्टीने ओढावी तशी.

"इथे जरा पोट आलंय," बाईंनी अगदी शेवटी, उजवीकडे बोट ठेवलं.

"ते बारा हजार हर्ट्झच्या वरचं आहे. तिथलं मला यंत्र लावूनही ऐकू येत नाही."

"मलासुद्धा नाही यायचं. या वयात."

"मग राहू दे की."

"अहो, पण दिसतंय ना."

मापसाहेबांनी रेघेकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि पेटी उघडण्यासाठी पुन्हा आडवी करायला उठले. दुसऱ्या बाजूने बाईंनी हात लावला.